ज्या दिवशी चिनी डोक्यात शिरत नाही

चिनीत सूपला थाङ म्हणतात आणि साखरेलाही थाङच. सूप वरच्या पट्टीत सरळ धरायचं, साखर खालून वर चढवायची. मागच्या आठवड्यात हा फरक लख्ख ऐकू येत होता, आज दोन्ही शब्द एकच वाटतात. काल सहज लिहिलेली अक्षरं आज हातातून उतरत नाहीत. शिक्षिका वाक्य बोलते आणि कानावर नुसते आवाज पडतात. चिनी शिकणाऱ्या प्रत्येकाला असे दिवस येतात. पहिल्या तीन-चार महिन्यांत ते जास्त येतात, आणि मग एच.एस.के. या चिनी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या चौथ्या पातळीच्या आसपास पुन्हा.

अशा दिवशी 'आपल्याला भाषा जमतच नाही' असा निकाल लावून मोकळं होणं सोपं असतं. पण वाईट दिवस हा एकच आजार नाही. कधी कान थकलेला असतो, कधी जीभ जुन्या सवयीवर घसरलेली असते, कधी दिसायला सारखी अक्षरं एकमेकांत मिसळलेली असतात, तर कधी उजळणीच्या कार्डांचा ढीग साचलेला असतो. प्रत्येकाला औषध वेगळं लागतं. कान थकलेला असताना दोन तास अक्षरं घोटली तर वही भरते, बाकी काही होत नाही.

पुढे चिनी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत आणि प्रत्येक अक्षरापुढे सुराचा आकडा दिला आहे. १ म्हणजे वर सपाट, २ म्हणजे चढता, ३ म्हणजे खालचा, ४ म्हणजे झपकन उतरता. आकडा नसेल तर तो हलका, बिनसुराचा उच्चार. ङ लिहिलंय तिथे शेवटी ग ऐकू येता कामा नये.

आधी तीन मिनिटांची तपासणी

फोनमध्ये एक ध्वनिफीत कायमची ठेवा. चाळीस-पन्नास सेकंदांची, दोन-तीन आठवड्यांपूर्वी शब्द न् शब्द समजलेली. तिच्यावर नवा अभ्यास करायचा नाही, ती फक्त ताप मोजायला. दिवस बिघडलाय असं वाटलं की ती दोनदा ऐका.

जुनी फीत स्वच्छ समजली तर तुमचं काही बिघडलेलं नाही. आजचा धडा तुमच्या पातळीच्या वर आहे, एवढंच. शंभर शब्दांत दोन-तीनपेक्षा जास्त अनोळखी असतील तर मजकूर आपोआप उलगडत नाही, तो शब्दकोश घेऊन फोडावा लागतो. ते काम थकलेल्या डोक्याचं नाही. धडा बदला.

शब्द ओळखू येताहेत, पण वाक्याचा अर्थ एक-दीड सेकंद उशिरा लागतोय आणि तोवर पुढचं वाक्य निघून जातंय, असं झालं तर ती थकावट आहे. झोप, उपाशीपोट, दिवसभराच्या मीटिंगा, काहीही कारण असेल. इथे जोर लावून उपयोग नाही.

तिसरी शक्यता म्हणजे शब्दच वेगळे पडत नाहीत, सूर एकमेकांत मिसळलेत. चार-पाच दिवस ऐकणं बंद असेल तर असं होतं. पाच मिनिटं सुरांच्या जोड्या ऐकल्या की कान बहुतेक वेळा परत लागतो, तानपुरा लावावा तसा.

एक आकडाही लक्षात असू द्या. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना चिनी शिकवायला सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरते, आणि हिंदीला १,१००. हा हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. मराठी माणसाची जमा-खर्चाची वही वेगळी आहे. काही गोष्टी आपल्याला फुकट मिळतात, पण पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून असल्यामुळे त्या आपण हातच्या घालवतो. बऱ्याच वाईट दिवसांचं मूळ इथेच आहे.

रोमन अक्षरांनी केलेला घोटाळा

१९५८ साली चीनने पिनयिन ही रोमन लिपीतली लेखनपद्धत अधिकृत केली. तिच्यातली अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची नसतात. पिनयिनचा 'बी' म्हणजे आपला ब नाही, तो प आहे. 'पी' म्हणजे खरा फ. ओठ मिटून, मागून हवा सोडून म्हणायचा. 'फॅन'मधला दातांवर घासणारा नव्हे. 'डी' म्हणजे त-ट यांच्या मधला, हवा न सोडणारा उच्चार, आणि 'टी' म्हणजे तोच हवेसकट, थ-ठ सारखा. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. प-फ, त-थ, क-ख हा भेद इंग्रजी भाषकांना महिनोन् महिने घोटावा लागतो, आपण तो बाराखडीबरोबर शिकलेले असतो. तरी आपण रोमन स्पेलिंग बघतो आणि ब, ड, ग म्हणून मोकळे होतो.

म्हणूनच ज्याला आपण बीजिंग म्हणतो ते खरं तर पेइ३-चिङ१. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं चिनी नाव रोमन स्पेलिंगवरून 'के दिहुआ' असं वाचलं जातं. चिनी कानाला ते ख१ ती४-ह्वा२ असं ऐकू येतं.

आणखी मोठा घोटाळा च-ज या घरात आहे. पिनयिनमध्ये 'झेड', 'जे' आणि 'झेड-एच' असे तीन वेगळे व्यंजनध्वनी आहेत, आणि इंग्रजीच्या सवयीने तिन्ही ज होतात. मराठीत मात्र दोन च आहेत. 'चमचा'तला दंत्य च म्हणजे पिनयिनचा 'झेड'. पुढे तो च़ असा लिहिलाय. 'चिमणी'तला तालव्य च म्हणजे 'जे'. उरला तिसरा. त्यासाठी ळ म्हणताना जीभ जिथे वळते तिथे ती न्या आणि तिथून च म्हणा. तो मी ट्ष असा लिहितो. 'क्यू' म्हणजे छत्रीतला छ. 'सी' मात्र आपल्याकडे नाही: चमच्यातला च म्हणा आणि त्याला ह जोडा. 'एक्स' साठी जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून श म्हणायचा.

ज्या दिवशी शिक्षिका तिसऱ्यांदा 'परत म्हणा' म्हणते आणि नक्की काय चुकलं हे कळत नाही, त्या दिवशी आधी हे तपासा. तो शब्द देवनागरीत या पद्धतीने लिहून काढा. सुराची चूक समजून आपण अर्धा तास डोकं फोडतो, आणि चूक असते प-ब ची. देवनागरीची ही टिपणं कायमची कुबडी करू नयेत हे खरं, कारण काही स्वर तिच्यात मावत नाहीत. 'जे', 'क्यू', 'एक्स', 'वाय' यांच्यापुढे 'यू' लिहिला असेल तर तो साधा उ नसतो. ई म्हणत ओठांचा चंबू केला की जो आवाज येतो तो.

जीभ सुरात नसते तेव्हा

चिनी भाषाशास्त्रज्ञ चाओ युएनरन यांनी १९३० मध्ये सुरांसाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. १ ही तळाची पायरी, ५ ही सर्वांत वरची. पहिला सूर ५-५, दुसरा ३-५, तिसरा २-१-४, चौथा ५-१. आपल्या कानाला समजेल असं सांगायचं तर पहिला म्हणजे वरच्या पट्टीत धरून ठेवलेला सा. दुसरा म्हणजे फोनवर 'हो?' असं विचारतो तो. चौथा म्हणजे मुलाला दटावताना 'जा!' म्हणतो तो. तिसरा म्हणजे नाइलाजाने खालच्या आवाजात म्हटलेलं 'बरंऽ'.

वाईट दिवशी यातलं पहिल्यांदा काय जातं? माणूस साशंक असला की आवाज शेवटी वर जातो. मराठीतही जातो. म्हणून ज्या दिवशी आत्मविश्वास नसतो त्या दिवशी सगळे शब्द दुसऱ्या सुरात जायला लागतात. ऐकणाऱ्याला कळत नाही, तो 'आँ?' करतो, आपण आणखी साशंक होतो आणि पुढचा शब्द आणखी वर चढतो. उलट वैतागलेला माणूस सगळं चौथ्या सुरात आपटतो. त्यात वन४ म्हणजे विचारणे आणि वन३ म्हणजे चुंबन घेणे, माइ३ म्हणजे विकत घेणे आणि माइ४ म्हणजे विकणे. लाओ३-ष१ म्हणजे शिक्षक, पण लाओ३-ष४ म्हणजे 'सारखं सारखं'. ष्वेइ४-चिआओ४ म्हणजे झोपणे आणि ष्वेइ३-चिआओ३ म्हणजे उकडलेल्या करंज्या. झोप आलीय म्हणायला जावं आणि समोरच्याने ताट मांडावं.

सुटे सूर घोटून हे सुटत नाही, कारण बोलताना सूर जोडीनेच येतात. चार सूर आणि त्यांच्या पुढे येऊ शकणारे पाच, म्हणजे चार सूर आणि एक बिनसुराचा, मिळून वीस जोड्या होतात. तीन-तीनची जोडी प्रत्यक्षात दोन-तीन अशी बोलली जाते, म्हणून कानाला एकोणीसच. अशा दिवशी वीसच्या वीस घेऊन बसू नका. फक्त दोन जोड्या निवडा, ज्यांत गोंधळ होतोय त्या. प्रत्येकीचे पाच शब्द, एकूण दहा. आधी शब्द न म्हणता नुसते 'म्-म्' करून सूर गुणगुणा, मग शब्द म्हणा, रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाला लागून ऐका. सात-आठ मिनिटांचं काम. रेकॉर्ड न करता केलं तर फुकट, कारण बोलताना आपला सूर आपल्याला बरोबरच वाटतो.

तिसऱ्या सुराबद्दल पुस्तकं नीट सांगत नाहीत. खाली जाऊन परत वर येणारी ती आकृती फक्त शब्द सुटा असताना किंवा वाक्याच्या शेवटी खरी असते. वाक्याच्या मध्ये तिसरा सूर खाली जातो आणि खालीच राहतो. जे लोक प्रत्येक तिसरा सूर इमानदारीने खाली-वर वळवतात त्यांची वाक्यं बैलगाडीसारखी गचके खातात, दमायला होतं, आणि ऐकणाऱ्याला तो दुसरा सूर वाटतो. हे एक दुरुस्त केलं तरी पुष्कळ वाईट दिवस कमी होतात.

ऐकलेलं कळत नाही तेव्हा

पूर्ण भाग पुन्हा पुन्हा लावू नका. वीस सेकंद कापून घ्या. तीनदा ऐका, मग लिखित मजकूर उघडा आणि जिथे अडलात त्या प्रत्येक शब्दापुढे तीनपैकी एक खूण करा: शब्द माहीतच नव्हता, वाचताना येतो पण कानाने ओळखला नाही, ओळखीचा होता पण बोलणाऱ्याने गिळला. पहिल्या खुणा जास्त असतील तर धडा अवघड आहे. दुसऱ्या जास्त असतील तर तुम्ही डोळ्यांनी खूप आणि कानांनी कमी शिकलात. कार्डांवर अक्षराऐवजी आवाज पुढच्या बाजूला ठेवा. भारतात घरी बसून शिकणाऱ्यांचा हा सर्वांत नेहमीचा दोष आहे.

तिसऱ्या खुणा मात्र मजेदार असतात. पु४ ट्ष१-ताओ४ म्हणजे 'माहीत नाही'. पेइचिङचा माणूस घाईत त्यातल्या मधल्या अक्षराचा नुसता र करून टाकतो, पुर-ताओ असं काहीतरी. 'असं' या अर्थाचं ट्ष४-याङ४-च़ आक्रसून चिआङ४-च़ होतं, इतकं की तरुण मंडळी गमतीने ते तसंच लिहितात. दक्षिणेकडचे आणि तैवानचे बरेच लोक जीभ वळवतच नाहीत, मग चार म्हणजे स४ आणि दहा म्हणजे ष२ यांच्यात फक्त सुराचाच फरक उरतो. याला तुमची तयारी कमी पडली असं म्हणायचं कारण नाही. पुण्याच्या वर्गात मराठी शिकून आलेल्या माणसाला मालवणात पहिल्या दिवशी काय कळेल?

वेग ०.७५ वर आणणं तपासणीपुरतं ठीक. त्यावर रोज ऐकलं तर कान त्याच वेगाची सवय धरतो. आणि 'चिनी मालिका बघा, आपोआप येईल' हा सल्ला इंग्रजी सबटायटल्स चालू असताना कुचकामी आहे. डोळे इंग्रजी वाचतात आणि कान सुट्टीवर जातो. चिनी मालिकांना बहुधा चिनी अक्षरांतलीच पट्टी असते. ती चालू ठेवा, इंग्रजी बंद करा.

अक्षरं हातातून उतरत नाहीत

याला चिनी लोकांचाच शब्द आहे: थी२-पी३ वाङ४-च़४, लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं. फोनवर आवाजावरून टाइप करायची सवय लागल्यापासून तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांचंही असं होतं. तेव्हा हाताने लिहिता आलं नाही म्हणून दिवस वाया गेला असं धरायचं कारण नाही. परीक्षा हाताने लिहायची नसेल तर अशा दिवशी लिखाण सरळ सोडा आणि फक्त ओळखण्याचा सराव करा.

पण ओळखतानाही गोंधळ होत असेल तर कारण बहुधा एकच: सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकलात. 'छिङ' हे घराणं घ्या. उजवीकडचा भाग सगळ्यांत तोच, हिरवा-निळा या अर्थाचा, तो उच्चार सुचवतो. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आले की 'स्वच्छ', छिङ१. सूर्य आला की 'निरभ्र', छिङ२. हृदय आलं की 'भावना', तेही छिङ२. वाणीची खूण आली की 'कृपया, विनंती', छिङ३. आणि डोळा आला की 'बुबुळ', पण उच्चार चिङ१. सूर्याच्या चौकटीत आत एक आडवी रेघ, डोळ्याच्या चौकटीत दोन. थकलेल्या डोळ्यांना ती एक रेघ दिसत नाही. निम्म्याहून कितीतरी जास्त चिनी अक्षरं अशीच, एक भाग अर्थाचा आणि एक भाग आवाजाचा, अशी बनलेली आहेत.

पन्नास वेळा घोटणं इथे कामाचं नाही. दहाव्या वेळेनंतर हात आपोआप चालतो आणि डोकं भाजीचा हिशोब करायला लागतं. त्यापेक्षा गोंधळ घालणारी दोन अक्षरं शेजारी शेजारी मोठी लिहा, नेमका फरक कुठे आहे त्यावर लाल खूण करा. 'अजून नाही' आणि 'शेवट' या दोन अक्षरांत दोन आडव्या रेघा असतात. वरची आखूड असेल तर 'अजून नाही', वरची लांब असेल तर 'शेवट'. 'माती' आणि 'विद्वान' यांच्यात खालची रेघ लांब की आखूड, एवढाच फरक. मग पाच सेकंद बघा, झाका, आठवून लिहा, ताडून पाहा. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा, उद्या सकाळी आणखी एकदा. तीन वेळा पुरे.

कार्डांचा ढीग

अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरणाऱ्यांचे वाईट दिवस बरेचदा भाषेचे नसतातच, ते अंकगणिताचे असतात. अँकीत सुरुवातीला रोज २० नवी कार्डं ठरवलेली असतात. नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट रोजची उजळणी येते, म्हणजे काही आठवड्यांत रोज दीडशे-दोनशे कार्डं. एका कार्डाला नऊ सेकंद धरले तर दोनशेला अर्धा तास. दोन दिवस लग्नाला गेलात की तिसऱ्या दिवशी चारशेच्या वर ढीग, आणि त्यातलं निम्मं विसरलेलं. नोकरी करणाऱ्याने रोज पाच ते आठ नवी कार्डं घ्यावीत, त्याहून जास्त नाही, असं माझं ठाम मत आहे.

ढीग साचलाच तर आधी नवी कार्डं शून्यावर आणा. मग कार्डं मोजून नव्हे, घड्याळ लावून बसा: पंधरा मिनिटं, थांबा. ज्यांची मुदत नुकतीच उलटली ती आधी घ्या, कारण ती अजून वाचवता येतात. महिनाभर पडून असलेली तशीही विसरलेली आहेत, आणखी दोन दिवसांनी त्यांना काही फरक पडत नाही. उत्तर आलं नसेल तर 'अगेन' दाबा. मनाला वाईट वाटू नये म्हणून 'हार्ड' दाबणारे बरेच असतात. अँकी ते 'आठवलं' असंच धरतं आणि कार्ड पुढे ढकलतं, मग तेच कार्ड पुन्हा पुन्हा पडतं. आठ वेळा चुकलेल्या कार्डाला अँकी 'लीच' अशी खूण करतं. लीच म्हणजे जळू, आणि नाव अगदी योग्य आहे. असली कार्डं बाजूला काढा. ती घोटायची नसतात, नव्याने बनवायची असतात: सुट्या शब्दाऐवजी छोटं वाक्य, आवाजासकट.

मधला मुक्काम गाळा

वाक्य बनवताना अडखळणं हा वेगळा प्रकार. मराठीतून विचार, त्याचं मनात इंग्रजी, मग इंग्रजीचं चिनी असा आपला प्रवास असतो. ताजेतवाने असताना तो निभतो, थकल्यावर मधला मुक्काम कोसळतो. गंमत अशी की कितीतरी ठिकाणी चिनी वाक्य मराठीच्या जास्त जवळ आहे. 'मी काल घेतलेलं पुस्तक' हे चिनीत वो३ च़्वो२-थिएन१ माइ३ त षू१. मी, काल, घेणे, लेलं, पुस्तक. क्रम तोच. इंग्रजीतून गेलात तर पुस्तक आधी आणि बाकी शेपूट मागून, सगळं उलटं करावं लागतं. 'टेबलावर' म्हणजे ट्ष्वो१-च़ षाङ४, आधी टेबल मग वर. 'तू येतोस का?' म्हणजे नी३ लाइ२ मा, शेवटी का. 'चला ना' मधल्या ना सारखं च़ोउ३ पा.

दोन ठिकाणी मराठीच पाय ओढते. कर्म क्रियापदानंतर येतं, 'मी चहा पितो' नाही तर 'मी पितो चहा'. आणि 'मी थकलोय', 'चहा गरम आहे' अशा वाक्यांत 'आहे' साठी ष४ घालायचा नसतो. विशेषणाआधी हन३ लावून काम भागतं. मोठे आकडे ऐकताना गडबडणाऱ्यांनी एवढंच पाठ करावं: चिनी मोजणी वान४ म्हणजे दहा हजारांवर चालते, म्हणून एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान, आणि दहा कोटींचा एक यी४.

समोर माणूस असताना

वर्ग चालू असताना डोकं बंद पडलं तर इंग्रजीत उडी मारू नका. एकदा मारली की उरलेला तास इंग्रजीतच जातो. चार वाक्यं इतकी पक्की हवीत की झोपेतही यावीत. छिङ३ च़ाइ४ ष्वो१ यी२ पिएन४, कृपया पुन्हा एकदा सांगा. मान४ यी४-तिएन३, जरा हळू. न कळलेला शब्द आहे तसा म्हणून पुढे ष४ षन२-म यी४-स, म्हणजे काय. आणि राङ४ वो३ शिआङ३-यी-शिआङ३, मला जरा विचार करू द्या. या चौथ्याने पाच-सहा सेकंद मिळतात, आणि पुष्कळदा तेवढ्यात शब्द सापडतो.

चीनमधल्या शिक्षकाकडे ऑनलाइन शिकत असाल तर घड्याळही बघा. चीन आपल्या अडीच तास पुढे आहे. आपण ऑफिसातून येऊन, जेवून, रात्री नऊला बसतो तेव्हा तिथे साडेअकरा वाजलेले असतात. दोघंही पेंगुळलेले. सकाळी सातचा वर्ग तिथे साडेनऊला पडतो. नुसती वेळ बदलून निम्मे वाईट दिवस जातात, आणि हे कुणी सुचवत नाही.

किती कमी चालेल

थकावट हेच कारण असेल तर बारा मिनिटांचा किमान हप्ता भरा आणि वही मिटा. चार मिनिटं जुनी कार्डं, चार मिनिटं तीच ओळखीची फीत, चार मिनिटं सोप्या पुस्तकातलं अर्धं पान मोठ्याने. सोपं म्हणजे तीनशे अक्षरांच्या मर्यादेत शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं, एकदा वाचून झालेलं. नवा शब्द एकही नाही. ताप असेल, रात्रभर झोप नसेल, तर तेही नको. साखळी तुटू नये म्हणून ११ वाजून ५८ मिनिटांनी दोन कार्डं उलटण्याने ॲपची ज्योत पेटती राहते, एवढंच.

एक दिवस वाईट गेला तर काही बदलू नका. सलग तीन गेले तर एक गोष्ट बदला: वेळ, धड्याची पातळी किंवा नव्या कार्डांचा आकडा. तिन्ही एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही. दोन आठवडे तसंच चाललं तर ते दिवस नव्हेत, तो पठाराचा भाग आहे. जुन्या एच.एस.के.ची चौथी पातळी १,२०० शब्दांची, पाचवी २,५०० ची, सहावी ५,००० ची. चौथीत ३०० पैकी १८० मिळाले की पास, पण १,२०० शब्दांत बातम्या कळत नाहीत, आणि पुढची पायरी आधीच्या सगळ्या मिळून होती तेवढी उंच आहे. इथे रोजची प्रगती दिसतच नाही. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला तोच एक परिच्छेद एक मिनिट वाचून रेकॉर्ड करून ठेवा. चार महिन्यांपूर्वीचा आवाज ऐकलात की वेगळा पुरावा लागत नाही.

आणि वर्ग रद्द करायची वेळ आलीच, तर तोही चिनीतच करा. खेळाडूचा खेळ बसला नाही की चिनी लोक ट्ष्वाङ४-थाइ४ म्हणजे अवस्था हाच शब्द वापरतात, तुम्हीही तोच वापरा: लाओ३-ष१, चिन१-थिएन१ वो३ ट्ष्वाङ४-थाइ४ पु४ हाओ३. बाई, आज माझी अवस्था बरी नाही. पु इथे चौथ्या सुरात आहे, कारण पुढचा हाओ तिसरा. हेच तुम्ही 'लय सापडत नाहीये' अशा अर्थाने पु२ च़ाइ४ ट्ष्वाङ४-थाइ४ असं म्हणालात, तर पुढे चौथा सूर आल्यामुळे तोच पु दुसऱ्या सुरात चढतो.